मेगरचा काटा

पंखा बंद होता, तरी त्याच्या दांड्यावरून पाणी उतरत होतं. आधी दांडा, मग मोटरीची गोल पाठ, मग एका पात्याचं टोक आणि तिथून थेंब थेंब खाली आईच्या गादीवर. 18 ऑगस्ट 2025, सोमवार, रात्रीचे सव्वाअकरा. मुलुंड पूर्वेला चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या आमच्या घरात त्या रात्री चार माणसं जागी होती आणि चौघांनीही जे करू नये नेमकं तेच केलं.

मी स्टुलावर चढून पंख्याच्या वरच्या वाटीभोवती टॉवेल गुंडाळला. बायकोने गादी ओढून तिथे बादली ठेवली. स्विचबोर्डाच्या कडेने ओघळ दिसला तो आईने फडक्याने पुसला. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, पाय अनवाणी, फडकं ओलं. मुलगी अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे तिने शास्त्रीय उपाय काढला: हेअर ड्रायर आणला, त्याच बोर्डाच्या पिनेत घातला आणि बोर्ड वाळवला. बोर्ड लखलखीत कोरडा झाला. दिवे लागत होते, टीव्ही चालत होता, डीबीतला, म्हणजे मुख्य स्विचपेटीतला, एकही एमसीबी पडला नव्हता. आम्ही निवांत झोपलो.

बाहेर पाऊस थांबत नव्हता. मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत विक्रोळीला 255.5 मिलिमीटर आणि सांताक्रूझला 238.2 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या गच्चीवर किती पडला ते कोणी मोजलं नाही, पण त्यातला बराचसा आमच्याकडे आला असावा.

पहाटे पाचला आईने हाक मारली. “अरे, भिंतीला मुंग्या आल्यात.”

पावसाळ्यात भिंतीतून मुंग्या निघणं आमच्याकडे नवीन नाही. मी अर्धवट झोपेत उठलो आणि कपाटावरचा लक्ष्मणरेषेचा खडू शोधायला लागलो. खडू सापडला, मुंग्या सापडेनात. “कुठे आहेत?” म्हणून मी बोर्डाखाली भिंतीवर तळहात टेकवला आणि आईच्या म्हणण्याचा अर्थ कळला. कोपरापर्यंत झिणझिण्या. मी पायांत रबरी सपाता घातल्या होत्या. आईही त्या रात्री पहिल्यांदाच चप्पल घालून उठली होती, कारण फरशी ओली होती. अनवाणी असती तर हा लेख वेगळा झाला असता, किंवा झालाच नसता.

मग मामांना फोन केला. मामा म्हणजे आमच्या भागातले वायरमन. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली, कारखाना बंद झाला आणि आता गव्हाणपाड्यातून पिशवी घेऊन घरोघर कामं करतात. आयटीआयमधून तारतंत्री झालेले. हा शब्द ते स्वतः कधी वापरत नाहीत, पण त्यांच्या घरी भिंतीवर सरकारी वायरमन प्रमाणपत्र चौकट करून लावलंय, त्यावर तो आहे. माझा फोन त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. अशा पावसात त्यांना झोप लागत नाही म्हणे.

“मेन बंद करा,” ते म्हणाले. “खाली मीटरखोलीत जाऊ नका, घरातलाच करा. हात कोरडा, पायात चप्पल, एकाच हाताने. दुसरा हात खिशात ठेवा.” मग जरा थांबून, “इन्व्हर्टर आहे का?”

होता. आमच्या मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची. खाली घाटकोपरला किंवा पलीकडे अंधेरी-बोरिवलीला अदानी नाहीतर टाटा, आणि शहरात बेस्ट. भारनियमनाच्या काळात उरलेली मुंबई झगमगत असताना आम्ही घामाघूम बसलो होतो, तेव्हाचा तो इन्व्हर्टर. मेन बंद केला की घर मेलं असं आपण समजतो. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्याबरोबर तो इमाने इतबारे हॉलचे दिवे चालू करतो आणि भिंतीतल्या त्याच ओल्या वायरींत पुन्हा 230 व्होल्ट सोडतो. मामांनी तो आधी बंद करायला लावला, बॅटरीची वायर काढायला मात्र सक्त मनाई केली. “त्याला मी येतो.”

मामा आले तेव्हा दहा वाजले होते. लोकल रखडल्या होत्या, शाळांना सुट्टी होती, जिन्यात छत्र्यांचं तळं झालं होतं. आईने त्यांच्यासाठी लाकडी पाट काढून ठेवला होता. वीज दुरुस्त करणाऱ्याने पाटावर उभं राहायचं, हे तिला माहेरपासून माहीत. मामांनी पाटाला हात लावला आणि तो बाजूला केला. “माई, हा रात्रभर ओल्या फरशीवर होता ना? आता हा पाट नाही, ही वायर आहे.” त्यांनी पिशवीतून घडी केलेला जाड रबरी पट्टा काढला आणि त्यावर उभे राहिले.

टेस्टर लावण्याआधी त्यांनी तो तपासायला शेजारच्या काकूंच्या घरी नेला, तिथल्या चालू पिनेत घालून पेटतो का बघितलं, मग आमच्याकडे आणला. मला हा प्रकार उगाच वेळकाढूपणाचा वाटला. नंतर त्यांनी सांगितलं ते असं: टेस्टरमधला निऑन दिवा पेटला तर वीज आहे हे बहुतेक खरं, पण पेटला नाही म्हणून वीज नाही असं धरायचं नाही. टेस्टर बिघडलेला असू शकतो, माणूस रबरावर उभा असतो, उजेडात तो मिणमिणता दिवा दिसतही नाही. म्हणून ते सोबत टेस्ट लॅम्पही ठेवतात. साधा होल्डर, त्याला दोन वायरी आणि एक बल्ब.

सगळं मेलेलं आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी हॉलच्या बोर्डाचे स्क्रू काढले. झाकण पुढे येताच आतून पाणी आलं. थेंब नव्हे, चहाचा कप भरेल एवढं. मुलीने ज्या बोर्डाला हेअर ड्रायरने वाळवलं होतं, त्याच बोर्डाच्या पोटात ते रात्रभर साठलेलं होतं.

कन्सील्ड वायरिंगची ही गंमत आहे. वायर दिसू नये म्हणून आपण ती पाइपात घालतो, पाइप स्लॅबमध्ये आणि भिंतीत गाडतो. स्लॅबमध्ये पंख्याचा बॉक्स असतो, तिथून एक पाइप आडवा भिंतीपर्यंत येतो आणि मग उभा खाली बोर्डात उतरतो. गच्चीचं पाणी स्लॅबच्या भेगेतून पंख्याच्या बॉक्सपर्यंत आलं, की पुढची वाट आपणच बांधून ठेवलेली असते. छतापासून बोर्डापर्यंत उत्तम उताराचा, गवंड्याने प्लास्टर करून दिलेला नळ. पंख्यावरून पडलेले थेंब म्हणजे त्या पाण्यातला दिसणारा हिस्सा. न दिसणारा हिस्सा बोर्डात होता, आणि पंख्याचं बटण बंद असलं तरी त्या बटणापर्यंत फेज जिवंतच होती. तिथून ओल्या प्लास्टरात, प्लास्टरातून आईच्या तळहातात.

मग पिशवीतून मेगर निघाला. चौकोनी, काळा, बाजूला हँडल असलेला, कारखान्याच्या दिवसांतला. हल्ली बॅटरीवरचे मिळतात, पण मामांना हँडल फिरवल्याशिवाय आकड्यावर विश्वास बसत नाही. हँडल फिरवलं की मेगर 500 व्होल्टचा दाब तयार करतो आणि वायरीवरचं आवरण किती टिकाव धरतं ते काटा दाखवतो. वायर निरोगी असेल तर काटा दूर अनंताच्या खुणेकडे झुकतो. आजारी असेल तर शून्याकडे येतो.

त्यांनी डीबीत प्रत्येक सर्किट सुटं केलं आणि एकेक मोजलं. स्वयंपाकघर 20 मेगओहम. आतली खोली 5. हॉलला काटा शून्यापाशीच घुटमळला. त्यांनी पट्टी बदलली, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, “शून्य पॉइंट शून्य दोन.”

“म्हणजे किती वाईट?”

“एकच्या खाली मी लाइट देत नाही.”

मुलीने वही ओढली. 0.02 मेगओहम म्हणजे 20,000 ओहम. 230 भागिले 20,000. साडेअकरा मिलीअँपिअर. एवढी वीज रात्रभर भिंतीत गळत होती, असा तिचा हिशोब. मग तिने विचारलं तो प्रश्न खरं म्हणजे मी विचारायला हवा होता: एमसीबी का पडला नाही?

हॉलचा एमसीबी 16 अँपिअरचा. म्हणजे 16,000 मिलीअँपिअर. तो भिंतीतली वायर तापून जळू नये यासाठी बसवलेला असतो. जादा भार आला किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांना भिडले, तर तो पडतो. माणसाच्या अंगातून दहाएक मिलीअँपिअर गेले की बोटं आवळून बसतात, धरलेली वस्तू सुटत नाही. 30च्या पुढे प्रकरण धोक्याचं होतं आणि 50 ते 100 मिलीअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणजे एमसीबीला जाग येण्याच्या पाचशेव्या हिश्शात माणूस संपायला लागतो. मामा हे असं बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही चिकटलात तर त्या बिचाऱ्याला वाटतं, घरात एक छोटा दिवा लागलाय.”

माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. फेजवरून गेलेली वीज न्यूट्रलवरून तेवढीच परत आली का, हे ते सतत ताडून पाहतं. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी भिंतीतून किंवा माणसातून ती जमिनीत चालली आहे असं समजून, डोळ्याची पापणी लवायच्या आत घराची वीज तोडतं. आमच्या डीबीत ते होतं. मामांनी बॅटरीच्या उजेडात त्याच्याकडे बघितलं, मागे बोट घातलं आणि एक वायर दाखवली. वीज आरसीसीबीला वळसा घालून थेट पुढे जात होती.

“हे कोणी केलं?”

हे मी केलं होतं. म्हणजे करवून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ही आरसीसीबी सारखी पडायची. रात्री दोनला, पहाटे चारला, मॅच चालू असताना. मामा गावी गेले होते. दुसऱ्या एकाला बोलावलं, त्याने दहा मिनिटांत “प्रॉब्लेम सॉल्व्ह” केला, मी त्याला दोनशे रुपये आणि वर चहा दिला. पाणी त्याच वर्षी पाइपात आलं होतं. आरसीसीबी ते सांगत होती. आम्ही भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं आणि निवांत झोपलो. दोन वर्षं झोपलो.

मामा यावर काही बोलले नाहीत. त्याचं मला जास्त लागलं.

दुपारी त्यांनी हॉलच्या वायरी ओढून बाहेर काढल्या. 1984 सालची इमारत. मूळची वायर ॲल्युमिनियमची, मध्ये कधीतरी कोणीतरी अर्ध्यावर तांब्याची जोडलेली. जोडही पाइपाच्या आत, जिथे तो असताच कामा नये. एक नाही, तीन. वर गुंडाळलेल्या इन्सुलेशन टेपचा चिकट काला झाला होता. ताक कळकल्यावर भांड्याला येते तशी हिरवी पूड तांब्यावर चढली होती आणि ॲल्युमिनियमचं टोक पांढरं, भुसभुशीत. दोन वेगळे धातू एकत्र पिळले आणि त्यांना ओल मिळाली की एक दुसऱ्याला खातो. मामांनी जोडापासून पुढे वीतभर आवरण सोललं. आतलं तांबं तिथपर्यंत काळं पडलेलं होतं. पदराने पाणी ओढावं तसं ते बारीक तारांच्या जुडग्याने आत ओढून घेतलं होतं. बाहेरून वायर नवीकोरी.

अशा जोडातून आगीचा खरा धोका पाणी असताना नसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ओलीत असा जोड नुसता गळतो. पाऊस संपला, दिवाळीत भिंत वाळली, रंग दिला, आणि मग एका संध्याकाळी त्या कुरतडलेल्या जोडावरून इस्त्री किंवा हीटर चालवला, की तो तापतो. भार नेहमीचाच असल्याने एमसीबी गप्प राहतो. तापलेल्या जोडाभोवतीचा टेप धुमसतो. सकाळी पेपरात चार ओळी येतात, “शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज”, आणि पाण्याचा कोणाला संशयही येत नाही.

पाण्याने आग लागते, यावर आमच्या सोसायटीत अजूनही दोन माणसांचा विश्वास नाही. त्यांना मी न्यू यॉर्कचं उदाहरण दिलं. 29 ऑक्टोबर 2012च्या रात्री सँडी वादळात क्वीन्समधल्या ब्रीझी पॉइंट या वस्तीत समुद्र शिरला आणि त्याच रात्री शंभराहून जास्त घरं जळाली. चौकशीत निघालं ते असं की, चढतं खारं पाणी एका घराच्या वीजयंत्रणेला भिडलं, ठिणगी तिथून पडली. रस्ते पाण्याखाली असल्याने बंबांना नीट पोचता येईना. गुडघाभर पाण्यात उभी राहून घरं जळत होती. अमेरिकेतल्या वीजसाहित्य उत्पादकांच्या ‘नेमा’ या संघटनेची भिजलेल्या सामानाबद्दल एक मार्गदर्शिकाच आहे आणि ती पाण्यात बुडालेले ब्रेकर वाळवून वापरा म्हणत नाही, बदला म्हणते. आपल्याकडे ते उन्हात ठेवतात. ऑगस्टमधल्या मुलुंडच्या उन्हात.

मामांचं उदाहरण जवळचं होतं, 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73.4. एकाच शहरात दोन वेगळी आभाळं. कलिना, कुर्ला, साकीनाका या पट्ट्यात तळमजले बुडाले आणि त्यांच्याबरोबर जिन्याखालच्या मीटरखोल्याही. उपनगरांत अनेक ठिकाणी दोन-तीन दिवस वीज नव्हती, काही ठिकाणी त्याहून जास्त. लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. घरात चिखल, पिण्याला पाणी नाही आणि वर काळोख. पण मामा त्यानंतरचा महिनाभर कुर्ल्याच्या तळमजल्यांवर काम करत होते आणि त्यांचं मत पक्कं आहे. “ज्यांच्याकडे अंधार होता ते वाचले. ज्यांनी चिखल काढायच्या आधी फ्यूज घातला, त्यांच्याकडे आम्हाला नंतर बोलावलं.” स्विचबोर्डांतून गाळ खरवडून काढायला ते जेवायचा चमचा वापरत. नाल्याच्या पाण्याबरोबर आलेला गाळ वाळला तरी त्यातला क्षार तिथेच राहतो आणि हवेतली ओल पुन्हा पुन्हा ओढतो. त्यामुळे जुलैत भिजलेले बोर्ड पुढच्या जूनमध्ये पुन्हा गळायला लागले, न भिजता.

आणि हे फक्त चाळीतल्या किंवा आमच्यासारख्या जुन्या घरातलं दुखणं नाही. आमच्या शेजारी भांडुप संकुल आहे, जिथे मुंबईचं पिण्याचं पाणी शुद्ध होतं. 17 आणि 18 जुलै 2021च्या मधल्या रात्री पावसाचं पाणी त्या संकुलातच शिरलं, पंप आणि गाळणी चालवणारी विजेची यंत्रं भिजली आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा बंद पडला. अभियंत्यांनी यंत्रं तपासून, सुकवून टप्प्याटप्प्याने चालू केली आणि महापालिकेने लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. ज्यांच्याकडे पंप, माणसं, सगळं होतं, त्यांनाही घाई करता आली नाही.

त्या मंगळवारी मामा आमच्याकडे भाकरी-पिठलं खाऊन गेले. त्याच दिवशी, आमच्यापासून दोन स्टेशनांवर, भांडुप पश्चिमेला एलबीएस रोडवर साचलेल्या पाण्यात वीज उतरली होती. सतरा वर्षांचा एक मुलगा तिथून चालत होता, तो गेला. बातमी पाहिली तेव्हा मुलगी बराच वेळ फोन हातात घेऊन बसली होती. त्याच्या वयाची आहे ती. सहा वर्षांपूर्वी, 28 जून 2019ला, पहिल्याच जोरदार पावसात अंधेरी आणि गोरेगावात मिळून तिघं विजेच्या धक्क्याने गेले होते. रस्त्यावर असं काही दिसलं तर 1916 हा महापालिकेचा आपत्कालीन नंबर आणि 1912 हा विजेच्या तक्रारीचा. अदानीच्या भागात 19122. मी ते फ्रीजवर चिकटवलेत, फ्रीजला मात्र आता हात लावण्याआधी क्षणभर थांबतो.

पुढच्या बुधवारी, 27 तारखेला, गणपती होते.

आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि तो हॉलमध्येच बसतो. मखर, तोरणं, फिरतं चक्र, सगळ्याला वीज त्याच बोर्डावरून. शनिवारपर्यंत भिंत हाताला कोरडी लागत होती. मी मामांना गळ घातली: निदान दीड दिवस तरी. ते आले, मेगर फिरवला. 0.1. “भिंत वाळली. पाइप नाही वाळला. बाप्पा समईत बसतील,” म्हणाले आणि मेगर पिशवीत टाकला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतच एवढं पाणी असतं की बंद पाइप वाळायचा कसा? त्यांनी जुना पाइप दोन्ही टोकांनी मोकळा ठेवला, त्याचा नाद सोडला आणि भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पांढरी पट्टी मारून नवी वायर आणली. बोर्ड नवा, जागा नवी, गळक्या भिंतीच्या समोरच्या भिंतीवर. हॉलची शोभा गेली असं बायकोचं मत आहे. आईचं म्हणणं, तिच्या लहानपणी सगळ्या वायरी अशाच लाकडी पट्टीवरून जायच्या, निदान कुठे काय चाललंय ते दिसायचं.

ते काम मंगळवारी रात्री संपलं. गणपती समईतच बसला, तोरण मी नाही लावलं. हिंमत झाली नाही.

खर्चाचा प्रश्न सोसायटीत गेला. आदर्श उपविधींत हे बरंच स्पष्ट आहे: गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, वरच्या मजल्याच्या छताचं आणि प्लास्टरचं त्या गळतीने झालेलं नुकसान, आणि फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या वायरी हे सगळं संस्थेच्या खर्चाने. मेन स्विचच्या पुढचं सभासदाचं. पाणी मात्र मेन स्विचपाशी थांबून कागद दाखवत नाही. गच्ची संस्थेची, त्यातून आलेलं पाणी संस्थेचं, पण भिजलेली वायर माझी, यावर दीड तास चर्चा झाली. शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग संस्थेने आणि वायरिंग मी, असं ठरलं. मी भांडलो नाही, कारण दोनशे रुपये देऊन आरसीसीबीचं तोंड बांधणारा मीच होतो आणि ते मामांना माहीत होतं.

त्याच बैठकीत मामांना मीटरखोली दाखवायचं ठरलं. दार उघडलं तर आत दोन मोडक्या सायकली, रंगाचे डबे आणि मंडळाचं गेल्या वर्षीचं थर्माकोलचं मखर, मीटरच्या पाटीला टेकवून. फरशीला बोटभर ओल. “अर्थिंगचा खड्डा कुठाय?” मामांनी विचारलं. कोणालाच सांगता येईना. शेवटी तळमजल्यावरच्या आजोबांना आठवलं: पूर्वी आवारात एक लोखंडी झाकण होतं, त्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचे. कोळसा आणि मिठाचे थर घालून केलेला जुन्या पद्धतीचा खड्डा. आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो खाली गेला. आता त्यावर एका सभासदाची गाडी उभी असते. सोळा घरांची वीज बिघडली तर जिथून जमिनीत जायची, ती वाट कित्येक वर्षं कोणी पाहिलेली नव्हती. ब्लॉक उखडून तो नव्याने भरायला सप्टेंबर उजाडला, गाडी हलवायलाच आठवडा गेला.

खंडेनवमीला, 1 ऑक्टोबरला, मामांच्या घरी पक्कड, टेस्टर, टेस्ट लॅम्प आणि मेगर पाटावर मांडून झेंडू वाहिला होता. कोरड्या पाटावर, मी मुद्दाम बघितलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला ते आले तेव्हा सवयीने त्यांनी जुन्या पाइपातल्या उरलेल्या एका वायरीला मेगर लावला. गळती थांबून महिना होऊन गेला होता, वर गच्चीचं काम झालं होतं, भिंतीला रंग लागला होता. काटा 0.4 वर थांबला.

त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, त्यांनी आमच्या इमारतीतली सोळाच्या सोळा घरं पालथी घातली होती, पैसे न घेता. प्रत्येक घरात एकच काम: आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबायचं. दाबल्याबरोबर घराची वीज गेली तर ती जागी आहे. महिन्यातून एकदा हे करायचं असतं. सोळापैकी सात घरांत ती नव्हतीच. नऊ घरांत होती, त्यातल्या तीन ठिकाणी माझ्यासारखाच वळसा घातलेला. उरलेल्या सहांपैकी दोन बटण दाबूनही पडल्या नाहीत, अडकून बसलेल्या. चालू निघाल्या चार.

दसऱ्यापर्यंत त्या अकरा झाल्या. राहिलेल्या पाच घरांपैकी एक आमच्या सेक्रेटरींचं आहे.